घड तिच्या हातात, वेळापत्रक मालकाच्या खिशात

द्राक्षाचा घड परदेशी पाठवण्याजोगा होईपर्यंत त्याला सर्वाधिक वेळा हात लावते ती बाई. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढणे, शेंडा मारणे, घडांची विरळणी करणे, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवणे, थंडीत घडांना कागद गुंडाळणे आणि शेवटी कात्रीने घड उतरवून क्रेटमध्ये निगुतीने मांडणे, ही सारी कामे नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांत प्रामुख्याने स्त्रियाच करतात. द्राक्षशेतीत जी जी नवी पद्धत आली, ती त्यांच्या बोटांतूनच बागेत उतरली. तरीही बागायतदाराच्या घरी जाऊन ‘यंदा जीएचे प्रमाण किती घेतले?’ असे विचारले, की उत्तर द्यायला पुरुष पुढे येतो. बाई गप्प राहते, कारण तो आकडा तिला कोणी सांगितलेलाच नसतो.

मी निफाड तालुक्यातील द्राक्षाच्या घरात वाढले, कृषी पदवी घेतली आणि आता नाशिकला राहून महिला बचत गटांच्या शेतीविषयक प्रशिक्षणाचे काम करते. या कामात ‘महिलांपर्यंत तंत्रज्ञान पोहोचले’ असे वाक्य अहवालांत वारंवार वाचायला मिळते आणि ते बहुधा खरेही असते. औषध, यंत्र, नवे वाण, ठिबक हे सारे तिच्यापर्यंत खरोखरच पोहोचलेले असते. ते वापरायचे की नाही, कधी वापरायचे, त्यावर किती खर्च करायचा आणि त्यातून आलेला पैसा कोणाच्या खात्यावर जमा व्हायचा, हे मात्र बहुतेक वेळा दुसरेच कोणी ठरवते. या लेखात मला त्या ठरवण्याविषयी लिहायचे आहे.

मणी ज्वारीएवढे झाले, की घड बुडवण्याचे काम सुरू होते. प्रत्येक बाईच्या हातात द्रावणाने भरलेला एक मग असतो. ती वेलीखाली उभी राहून मग घडाखाली धरते, घड पूर्ण बुडेपर्यंत वर उचलते, क्षणभर थांबते आणि मग खाली घेऊन घडाला हलकासा झटका देते, म्हणजे मण्यांच्या टोकाला थेंब साचून राहत नाही. हात सतत डोक्याच्या वर असल्यामुळे द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते आणि दुपारपर्यंत ब्लाऊजची बाही ओली होते. त्या द्रावणात केवळ जीए असते, की मणी फुगवण्यासाठी सीपीपीयूसारखे आणखी एखादे संजीवकही मिसळलेले असते, हे मी दिंडोरी तालुक्यातील एका बागेत काम करणाऱ्या मावशींना विचारले. त्या पेठ तालुक्यातून टोळीबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ते भाऊला ठाऊक. आमच्याकडं मग भरूनच येतो. पण ताई, मागल्या डीपनंतर ह्या तीन ओळींतले मणी फुगलेच नाही, ते मी आठ दिवसांत वळखलं व्हतं. मला कोण इचारतं?”

त्या तीन ओळींची गोष्ट मी बागेच्या मालकांना सांगितली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले, कारण फुगवण कमी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. सल्लागार बागेत येतो तेव्हा बांधावर मालकाशी बोलतो, दोन-चार वेली पाहतो आणि संध्याकाळी फवारणीचे शेड्यूल मालकाच्या व्हॉट्सॲपवर येते. ज्या बाईने त्या आठवड्यात हजारो घड हाताळले, तिच्याकडची माहिती त्या शेड्यूलमध्ये कुठूनही शिरत नाही. हा जितका तिच्यावर अन्याय आहे, तितकेच ते बागेचेही नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डाऊनी किंवा भुरी या बुरशीजन्य रोगांचा पहिला डाग बहुधा तिलाच दिसतो. तो कळवण्याची सोय आणि कळवल्यावर ऐकून घेण्याची पद्धत अजून आपल्याकडे नाही.

या साऱ्याच्या मुळाशी सातबारा आहे. ग्रामीण भारतात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन शेतीत काम करतात, असे अलीकडची श्रमबल सर्वेक्षणे सांगतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांमध्ये मात्र स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अवजारासाठी अर्ज करायचा तर जमीन नावावर हवी, सोसायटीचे पीककर्ज हवे तर जमीन नावावर हवी, शेतकरी उत्पादक कंपनीत भाग घ्यायचा तरी प्रत्यक्षात घरच्या खातेदाराचेच नाव पुढे येते. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आणि तोही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. नोंदी नीटनेटक्या व्हाव्यात हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. मात्र ज्या स्त्रीचे नाव जुन्या कागदावर नव्हते, ती नव्या संगणकीय यादीतही नाही, आणि आता तिची अनुपस्थिती अधिक पक्की झाली आहे.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत आणि सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. या दहा टक्क्यांसाठी काही घरांत बायकोच्या नावावर पाच-दहा गुंठे केले जातात, अर्ज तिच्या नावाने जातो, नंबर लागतो, दारात नवे रोटाव्हेटर येते आणि त्यापुढे उभ्या असलेल्या तिचा फोटोही काढला जातो. रोटाव्हेटर भाड्याने कोणाला द्यायचे आणि भाड्याचे पैसे कुठे ठेवायचे, हे तिला विचारले जात नाही. तरीही मी या सवलतीच्या विरोधात नाही. पाच गुंठ्यांपुरते का होईना, तिचे नाव कागदावर लागले, तर पुढे वारस नोंदीच्या वेळी किंवा घरात वाद उभा राहिल्यावर त्याचा उपयोग होतो. निफाडजवळच्या एका काकूंच्या बाबतीत नेमके असेच घडले. यजमानांच्या निधनानंतर दिरांनी वाटणी लांबवली, त्या काळात केवळ त्यांच्या नावावरच्या तुकड्यामुळे त्यांना खताचे आणि ठिबकाचे अर्ज स्वतः करता आले.

कांद्याची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे स्त्रियांच्या हाती असलेली एक गोष्ट हळूहळू निघून गेली आहे. आमच्याकडे कांद्याच्या बियाण्याला उळे म्हणतात. उळे घरी करायचे असेल, तर चाळीत टिकलेल्या उन्हाळ कांद्यातून डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरणाऱ्या दांड्यासाठी, कांदे निवडावे लागतात. माझी आजी ही निवड स्वतः करत असे. एकसारख्या रंगाचा, गोल, बारीक मानेचा, चाळीत इतके महिने राहूनही कोंब न आलेला कांदा ती बाजूला काढी आणि विळ्याने त्याचा वरचा तिसरा भाग कापून आत पाही. आत एकच डोळा असेल तर कांदा लावणीला जाई. दोन-तीन डोळे दिसले तर स्वयंपाकघरात. दुभाळक्या कांद्याचे बी धरले तर पुढच्या पिकातही दुभाळके कांदे निघतात, हे तिला पक्के ठाऊक होते. पुढे गोंडे फुलले की त्या वाफ्याच्या आसपास विषारी फवारणी करू द्यायची नाही, कारण मधमाशी आली नाही तर बी भरत नाही, हाही तिचाच दंडक होता आणि आजोबा तो पाळत.

ही निवड म्हणजे शास्त्रीय वाणसुधारणाच आहे, कारण संशोधन केंद्रांतही कांद्याची निवड याच गुणांवर होते. नाशिकजवळ चितेगाव फाट्यावर असलेल्या राष्ट्रीय बागवानी अनुसंधान व विकास प्रतिष्ठानाने अॅग्रीफाउंड डार्क रेडसारखी वाणे दिली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानेही दिली. त्यांचा फायदा शेतकऱ्यांना नक्कीच झाला. मात्र उळे दुकानातून पुडीत येऊ लागले, तसा वाण निवडण्याचा निर्णय चाळीतून निघून दुकानाच्या काउंटरवर गेला, आणि त्या काउंटरपर्यंत घरातील पुरुष जातो. बियाण्यात फसगत झाल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. उगवण कमी होते, डोंगळे वेळेआधी निघतात, रंग मिसळतो. कांद्याचे बी साधारण वर्षभरच चांगले उगवते, त्यामुळे जुना साठाही कामाला येत नाही. ज्या घरांत अजून उळे घरी होते, तिथल्या स्त्रिया आजही या प्रश्नावर ठामपणे बोलतात आणि पुरुष त्यांचे ऐकतात, हे मी पाहिलेले आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्याचा आनंद आम्हा सर्वांनाच झाला. तरीसुद्धा स्त्रीने निवडलेल्या बियाण्याला आपण ‘जतन’ म्हणतो आणि कंपनीने निवडलेल्या बियाण्याला ‘संशोधन’ म्हणतो, याचे मला वाईट वाटते.

सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर भागात चित्र निराळे आहे. तिथे भात, नागली आणि वरई ही मुख्य पिके आहेत आणि आवणीपासून पाखडण्यापर्यंतचे काम बव्हंशी स्त्रियांचे असते. वरई सडणे हे तर इतके कष्टाचे काम, की पहाटे उठून उखळाशी बसावे लागे. सडण्याचे यंत्र आले तेव्हा स्त्रियांचे खांदे आणि तळवे वाचले. त्या यंत्राविषयी वाकडे बोलणारी एकही बाई मला भेटलेली नाही. परंतु एका गावात मी असेही पाहिले, की यंत्र बाजाराच्या गावी बसले, तिथपर्यंत पोती मोटारसायकलवरून न्यावी लागत, ती पुरुष नेत आणि तिथेच विकून टाकत. पूर्वी बाई घरी सडलेली वरई पायली-दोन पायली घेऊन आठवडे बाजारात बसे आणि तेल-मीठ, मुलांच्या वह्या असा खर्च त्यातून भागवी. यंत्रामुळे तिचे कष्ट गेले आणि कष्टांबरोबर तिच्या हातातला तो थोडासा रोख पैसाही गेला. डोंगरापलीकडच्या एका पाड्यावर तसेच यंत्र बचत गटाने घेतले, पाड्यातच एका घराच्या पडवीत बसवले आणि सडण्याचे दर गटाच्या बैठकीत ठरवले. तिथे वरई अजूनही बायकाच विकतात. यंत्र दोन्हीकडे सारखेच आहे; कुठे बसवले आणि हिशेबाची वही कोणाकडे आहे, एवढाच काय तो फरक आहे.

याच भागात कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट आधीच करून ठेवलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित कुटुंबाला मिळणारा वनजमिनीचा हक्क पती आणि पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावा लागतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो पायी मोर्चा गेला, त्याची एक मुख्य मागणी या हक्कांच्या अंमलबजावणीची होती आणि त्यात फुटलेल्या पायांनी चालणाऱ्या स्त्रिया सर्वांनी पाहिल्या. म्हणजे जिल्ह्याच्या सर्वांत गरीब तालुक्यांतील आदिवासी स्त्रीला कागदावर जे स्थान आहे, ते निफाडच्या बंगल्यात राहणाऱ्या बागायतदाराच्या पत्नीला नाही. आता गरज आहे ती त्या संयुक्त नावाच्या आधारावर तिला कर्ज, प्रशिक्षण आणि अवजारे मिळवून देण्याची. कार्यालयांत अर्ज भरताना पहिले नाव पाहून काम चालवले जाते आणि दुसरे नाव वाचण्याची तसदी कोणी घेत नाही.

ड्रोनविषयी मला सर्वत्र विचारले जाते, म्हणून थोडक्यात लिहिते. नमो ड्रोन दीदी योजनेला नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. देशातील १५,००० महिला गटांना ड्रोन द्यायचे आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य द्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. मुली ते उडवायला शिकतात आणि उत्तम उडवतात, याबद्दल मला शंका नाही. परंतु ड्रोन, जादा बॅटऱ्या आणि पाण्याच्या टाक्या शेतापर्यंत न्यायला वाहन लागते, आणि वाहन ज्याचे त्याच्या सवडीने फवारणी ठरते. आमच्या द्राक्षबागेत पानांच्या खालच्या बाजूला औषध बसणे आवश्यक असते, त्यामुळे वरून पडणाऱ्या फवाऱ्यापेक्षा हवेच्या झोताने औषध फवारणारा ब्लोअरच अधिक सोयीचा पडतो. ड्रोनला काम मिळेल ते कांदा, मका, सोयाबीन या पिकांत. गटाला ड्रोन देताना त्या परिसरात कोणती पिके आहेत आणि वाहन कोणाचे असेल, हे आधी विचारले तर बरे होईल.

माहितीचेही तसेच आहे. हवामानाचा इशारा, बाजारभाव, कीड-रोगाचा सल्ला हे सारे आता फोनवर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील निम्म्याहून कमी स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे आढळले. त्यानंतर फोन वाढले असतील, तरी योजनांच्या अर्जावर, बँकेच्या खात्याला आणि ई-पीक पाहणीला जोडलेला क्रमांक मला बहुतेक घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचाच दिसतो. ओटीपी त्याच्याकडे येतो आणि मग अर्जाचे पुढे काय झाले, हे बाईला त्याच्याकडूनच कळते.

नाशिक जिल्ह्यात हा विचार नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन झाले, तेव्हा गावोगावच्या शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने जमल्या होत्या आणि शेतकरी स्त्रीचा मालमत्तेवरील हक्क तिथे उघडपणे बोलला गेला. पुढे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली आणि अनेक पुरुषांनी आपणहून जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशाने तो २००५ साली दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्काविषयीची संदिग्धता दूर केली. इतके असूनही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आमच्या भागात थांबलेली नाही. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, आणि सासरच्या सातबारावर तिचे नाव तोवर लागलेले नसते. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांनी हा विषय आपला नाही असे समजू नये, असे मला कळकळीने वाटते. ठिबक आणि वाण यांच्याइतकाच तो शेतीचा विषय आहे.

आमच्या प्रशिक्षणांत आता आम्ही काही गोष्टी आग्रहाने करतो. द्राक्ष आणि टोमॅटोच्या गटांत सल्लागाराच्या व्हॉट्सॲप समूहात प्रत्येक घरातून दोन क्रमांक घेतो, एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा. पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरल्यावर किती जड होतो, हे सल्लागाराला स्वतः उचलून पाहायला सांगतो. फवारणीच्या नोंदवहीत औषधाचे नाव, प्रमाण आणि काढणीपूर्वीचे दिवस मराठीत लिहून ती वही बागेतच टांगतो, म्हणजे मजूर स्त्रियांनाही आपण कशात हात घालतो आहोत ते वाचता येते. जिने ती तीन ओळींची गोष्ट सांगितली होती तिच्या टोळीने यंदा स्वतःहून हातमोजे मागितले, आणि मालकांनी ते आणून दिले.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र कांदा लागवडीच्या यंत्राचा आहे. चिखलात दिवसभर वाकून रोप लावणे किती कष्टाचे असते, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे ज्यांची स्वतःची शेती आहे त्या बायका यंत्राची वाट पाहतात. ज्यांची शेती नाही, त्यांच्या हिवाळ्यातील मजुरीचा मोठा वाटा याच लागवडीवर असतो. तणनाशकांमुळे निंदणीचे दिवस कमी झाले, तेव्हा या मजूर स्त्रियांना कोणी विचारले नव्हते. म्हणून निफाड तालुक्यातील एका महिला गटाने यंत्रासाठी अर्ज करण्यापूर्वीच बैठकीत ठरवले आहे, की यंत्र आले तर ते चालवायला आणि त्यावर रोप भरायला गटातील भूमिहीन सदस्यांनाच प्रथम घ्यायचे, एकरी दर त्यांच्यासमोर ठरवायचा आणि भाड्याची रक्कम थेट गटाच्या खात्यावर घ्यायची. गटातील दोघींनी ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना काढण्यासाठी नावे दिली आहेत.